पहिल्या पानावरची दुरुस्ती

भास्कर, तुझ्या शोकसभेत मला तीन जणांनी लेख दिले. खोटं वाटतंय? एकाने तर तुझ्या फोटोला फूल वाहिलं, रुमालाने डोळे टिपले आणि त्याच खिशातून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. वर म्हणतो, "सरांची लई इच्छा होती, माझा लेख अंकात यावा म्हणून." तुझी इच्छा काय होती ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या लेखावर तू तीन पानांचं पत्र लिहिलं होतंस आणि त्यात 'कृपया पुन्हा पाठवू नये' हे दोनदा होतं. मी पेनड्राइव्ह मुकाट्याने खिशात घातला. शोकसभेत भांडता येत नाही, ही तुझ्या जाण्यातली पहिली गैरसोय.

मागच्या फ्लेक्सवर तुझ्या नावाआधी 'कै.' छापलं होतं. बौद्ध माणसाला कॉलेजने थेट कैलासात पाठवून दिलं. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये तुझ्याबरोबर चहा प्यालेल्या माणसांपैकी एकालाही, तुमच्यात काय लिहितात हो, एवढं सुनंदावहिनींना विचारावंसं वाटलं नाही. 'कालकथित' हा काही अवघड शब्द नाही. वहिनी समोरच्या खुर्चीवर बसून ते 'कै.' बघत होत्या. प्राचार्य मात्र वीस मिनिटं बोलले. तू म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ होतास म्हणे. तू जिवंत असताना हेच गृहस्थ तुझ्या टेबलाखालचे आपल्या त्रैमासिकाचे गठ्ठे उचलायला शिपाई पाठवायचे, कारण तपासणीची कमिटी येणार असायची.

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. दोन्ही एकदम आल्यावर माणूस काय करतो, मोबाईल बघत बसतो. मीही तेच केलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "सरांच्या स्मृतीला विशेषांक काढा." काढू, म्हटलं. "मग विशेषांकाला परीक्षक-बिरीक्षक नसतील ना?" गेवराईच्या एका प्राध्यापकाने तर आडपडदाच ठेवला नाही. म्हणाला, "आता सर बी गेले. आता कावून अडवता आमाला?" जसा काही तू म्हणजे रस्त्यावरचा टोलनाका होतास आणि आता वाहतूक मोकळी झाली. मी त्याला विचारलं, लेख कशावर आहे? तर म्हणाला, "विषयाचं काय, तुमी सांगाल त्याच्यावर देतो."

राग कुणाकुणाचा करायचा? या लोकांना बढतीसाठी छापलेले लेख लागतात, फाईल जाड लागते. पैसे भरा, आठ दिवसांत छापतो, वर रंगीत सर्टिफिकेट देतो, असं म्हणणारी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली आहेत. आणि माजलगावात आपण दोघं बसलो होतो असं एक त्रैमासिक घेऊन, जे फुकट छापायचं, पण आठ महिने लावायचं आणि निम्मे लेख परत पाठवायचं. एकदा एक जण सर्टिफिकेट मागायला आला तेव्हा तू त्याला त्याचाच छापलेला लेख दाखवून म्हणालास, "ह्याच्यापेक्षा काय देऊ तुला? हेच फ्रेम करून लाव." तो पुन्हा कधी आला नाही. तुझ्या वागण्याने आपण किती माणसं गमावली याची यादी मी मनातल्या मनात करायचो. आता कळतंय की त्या यादीतल्या कुणाचीच मला आज आठवण येत नाही.

तुझी ती परीक्षकांची भानगड. लेखकाचं नाव परीक्षकाला कळता कामा नये म्हणून पहिल्या पानावरचं नाव तू खाकी कागद डकवून झाकायचास आणि मग झेरॉक्स काढायचास. मी म्हणायचो, अरे कॉम्प्युटरवर नाव पुसता येतं. तुझा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. गेवराईच्या वाळूउपशावरचा तो लेख आठवतो? तू नाव झाकलंस, गावाचं नावसुद्धा झाकलंस, आणि बीडच्या परीक्षकाचा दुसऱ्याच दिवशी फोन. "भास्करराव, वाळूवर लिहिणारा आपल्या जिल्ह्यात एकच माणूस हाय, झाकताय कावून?" त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो. तू नाही हसलास. तू तो लेख परत मागवलास आणि कोल्हापूरला अशा माणसाकडे पाठवलास, ज्याला सिंदफणा कुठे आणि गोदावरी कुठे हेसुद्धा नकाशात बघावं लागलं असतं. चार महिने गेले. लेख मात्र चांगला होऊन आला.

आणि तो आंब्याचा लेख. मथळा 'बीड जिल्ह्यातील शेतीचे बदलते स्वरूप', आणि पाचव्या पानावर 'खाडीलगतच्या आंबा बागायतदारांनी' असं वाक्य. उचलताना खाडी तशीच राहून गेली होती. मी म्हटलं, याचं नाव सगळीकडे जाहीर करू, म्हणजे पुन्हा कुणी करणार नाही. तू त्या पोरगेल्या प्राध्यापकाला घरी बोलावलंस, वहिनींना पोहे करायला सांगितलेस आणि दुपारभर त्याला बसवून दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कसं घ्यायचं, नाव कुठे द्यायचं, हे शिकवलंस. मला तेव्हा तुझा कमालीचा राग आला होता. चोराला पोहे खायला घालणारा संपादक मी दुसरा पाहिला नाही. तो मुलगा आज आपला सगळ्यात कडक परीक्षक आहे, आणि शोकसभेत मला लेख न देणाऱ्यांत तोही होता. तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता आणि पोरासारखा रडत होता.

हे सगळं मी टाळाटाळ म्हणून लिहितोय, हे तू ओळखलं असशील. माझ्या प्रत्येक लेखाच्या पहिल्या दोन पानांवर तू काट मारायचास आणि समासात लिहायचास, 'मुद्द्यावर ये.' येतो.

ज्यांना आपलं काही माहीत नाही अशांनीही हे वाचावं असं मला वाटतं, म्हणून सगळं सांगतो. तीन वर्षांपूर्वी आपल्या अंकात माझा एक लेख आला, सिरसाळ्याच्या बौद्ध वस्तीतल्या बायका जयंतीला गातात त्या गाण्यांवर. मी आयुष्यात लिहिलेला बरा म्हणावा असा तो एकच. त्यासाठी मी जयंतीला सिरसाळ्यात गेलो होतो आणि गयाबाईंच्या तोंडून चार गाणी उतरवून घेतली होती. गयाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. आवाज असा की मंडपातला लाऊडस्पीकर बंद पडला तरी फरक पडू नये. मी त्यांना सगळं विचारलं. कधीपासून गाता, चाल कुठली, ढोलकी कोण धरतं, पाठीमागे किती जणी म्हणतात. माझ्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, रचनाकार. तो मी माजलगावला घरी येऊन भरला. 'पारंपरिक' असं लिहिलं आणि जेवायला उठलो.

का लिहिलं तसं? विचारायचं मनातच आलं नाही. हेच तर. शाळेत खिचडी करणारी बाई गाते म्हणजे ते आधीपासून चालत आलेलं असणार, हे मी धरूनच चाललो. आमच्याकडे कुणी पाटील चार ओळी जुळवतो तर गावभर त्याच्या नावाचा डांगोरा पिटतात, आणि कवी म्हणून त्याला साहित्य संमेलनाला घेऊन जातात. त्यातल्या एका गाण्यातल्या दोन ओळींवर मी तीन पानं लिहिली होती:

सासूबाईच्या हंड्याला नव्या विहिरीचं पाणी,
कोण अडवितं बघू, मी त्या पाण्याची राणी.

'अनाम समूहाची प्रतिभा' असं मी त्यावर लिहिलं. मला वाटतं मी 'निनावी झरा' असंही काहीतरी म्हटलं होतं. दोन परीक्षकांनी वाहवा केली. तू त्यातली अकरा वाक्यं कापलीस, तळटिपांच्या स्वल्पविरामांवरून माझ्याशी दोन दिवस भांडलास, आणि लेख छापलास.

तुझा एक हट्ट होता. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला अंक पोस्टाने गेला पाहिजे, त्याला वाचता येवो न येवो. तसा तो गयाबाईंना गेला. त्यांच्या नर्स असलेल्या लेकीने तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि पेटीत ठेवून दिला. पुढची तीन वर्षं त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

मग तू सिरसाळ्याला एका लग्नाला गेलास, आणि त्यांनी तुला मंडपातच गाठलं. तू सांगितलंस ते मला शब्दाशब्दाने आठवतंय. "भास्कर, पारंपरिक म्हंजी मेलेल्या मान्साचं का रं? म्या तर जित्ती हाय."

तू जेवणाच्या पानावरून उठलास आणि तसाच माजलगावला माझ्या दारात आलास. भर दुपारी, घामाने शर्ट चिकटलेला. "दिग्या, ती समदी गाणी तिची हायत बे. तिनं रचलीत." आणि मी, भास्कर, मी आधी हसलो. म्हणालो, "मग तर लेखाला अजून वजन आलं की." तू माझ्याकडे असं बघितलंस की मला माझ्या घरात परक्यासारखं वाटलं.

पुढे महिनाभर आपण ज्यावर भांडलो ते जगाला सांगितलं तर लोक हसतील. दुरुस्ती छापायची यावर आपलं एकमत होतं. भांडण होतं पानावर. तू म्हणत होतास पहिल्या पानावर, लेखाच्या मथळ्याएवढ्या अक्षरात. मी म्हणत होतो शेवटच्या पानावर, आतल्या बाजूला, जिथे सगळेच छापतात. आणि या अंकात नको, पुढच्या अंकात. कारण तुला माहीत होतं. माझी प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि फाईलमध्ये दाखवण्यासारखा लेख हा एकच. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दुरुस्ती आली की ती मुलाखतीच्या आधी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरणार. 'दिगंबररावांनी गरीब बाईची गाणी ढापली.' आपल्याकडे लोक लेख वाचत नाहीत, पण असलं वाचतात. मी उत्तर देत फिरायचं? पंचवीस वर्षं शिकवलंय मी, भास्कर. मलाही वाटत होतं की दारावरच्या पाटीवरचं 'सहयोगी' गळावं. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "काहीच न्हाई." आणि पुन्हा, "पण पान पहिलंच."

असा तू. समजून घेतोस आणि हलत नाहीस. कुणाला जास्त वैताग येईल सांग, न समजणाऱ्या माणसाचा की तुझ्यासारख्याचा?

शेवटचा फोन. तू म्हणालास, "पुढचा अंक म्हंजी तीन महिने. तवर म्हातारी ऱ्हायली न्हाई तर?" मी चिडून म्हणालो, "लई पुळका आलाय तुला तिचा. तीन वर्सं तू बी गप होता की." "मला ठावं नव्हतं दिग्या." "विचारलं असतंस तर ठावं झालं असतं. तू संपादक. तुझी माणसं. तुझ्या आईच्या वयाची बाई. मी तर परका, तुला कावून नाही सुचलं?"

तू म्हणालास, "बरोबर हाय तुझं." इतक्या वर्षांत हे वाक्य मी तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तरी मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी फोन कापला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला, तू गेल्याचा. नंतर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ह्यांनी सांगितलं, दिग्याचा फोन कट झाला, धरणाकडं गेला असंल, तिकडं रेंज न्हाई." मी धरणाकडे गेलो नव्हतो. मी घरात सोफ्यावर बसलो होतो आणि रेंज भरपूर होती. हे मी वहिनींना सांगितलेलं नाही. तुला सांगायचं होतं.

तू गेल्यानंतरचा जलदान विधी झाल्यावर वहिनींनी एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "अंकाचं काहीतरी हाय म्हणले होते. तुमालाच द्यायचं." पिशवीत प्रुफं होती, दोन लेख होते आणि तुझ्या हातची दुरुस्ती होती. पहिलं पान, असं वर लाल शाईत लिहून त्याखाली दोन रेघा. वहिनींनी ती वाचलेली नव्हती. परीक्षकांना माहीत नव्हती. तिसऱ्या कुठल्याच माणसाला माहीत नव्हती. आणि आता संपादक मी.

चार दिवस ती पिशवी माझ्या स्कूटीच्या डिकीत होती. घरात न्यायचा धीर झाला नाही. कॉलेजला जाताना आणि येताना सीटखाली तू बसलेला आहेस असं वाटायचं, आणि मी तुझ्याशी मनातल्या मनात वाद घालत साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरांमधून गाडी काढायचो. एकदा मोडक्या ट्रॉलीमागे अडकलो असताना मोठ्याने म्हणालोसुद्धा, "मेलास ना, मग सोड की आता." शेजारचा मोटरसायकलवाला बघायला लागला.

तुझा मजकूर मी वीस वेळा वाचला असेल. 'सदर लेखातील चारही गाणी पारंपरिक नसून सिरसाळा येथील गयाबाई यांची स्वतःची रचना आहे. लेखकाच्या नजरचुकीने तशी नोंद झाली. वाचकांनी दुरुस्त करून घ्यावे.' नजरचूक! कुणाला म्हणून एक सौम्य शब्द न देणारा तू. एका कुलगुरूंच्या लेखावर 'हे विधान निराधार आहे' असं लिहिणारा तू. माझ्यासाठी तू 'नजरचूक' शोधून काढलास. पान पहिलं ठेवायचं ठरवलंस आणि मग त्या पानावर मला कमीत कमी कसं लागेल ते बघत बसलास. हे तू मला त्या फोनवर सांगितलं असतंस तर मी फोन कापला नसता. पण तू सांगणार नाहीस, आणि मी विचारणार नाही. अशी आपली दोस्ती.

शेवटी मी परळीच्या बसने सिरसाळ्याला गेलो. खरं सांगतो कशासाठी गेलो. मला वाटलं होतं गयाबाई म्हणतील, जाऊ द्या सर, झालं ते झालं. तेवढं म्हणाल्या की मी सुटलो. मग दुरुस्ती शेवटच्या पानावर, पुढच्या अंकात, सावकाश. तेलगाव येईपर्यंत मी त्यांना काय बोलायचं याची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

त्या दारातच बसल्या होत्या, शेंगा फोडत. मला ओळखलं. "बसा सर. भास्करचं कळलं. लई चांगलं पोरगं व्हतं." पाणी दिलं. मी माझी जुळवलेली वाक्यं काढली. म्हणालो, "मावशी, छापायची तर आहेच दुरुस्ती. पण शेवटच्या पानावर चालंल का? जरा पुढं-मागं झालं तर?" त्या म्हणाल्या, "आदी वाचा तरी. काय लिव्हलंय ते ऐकू द्या."

मी वाचलं. एकेक गाण्याची पहिली ओळ वाचत होतो आणि त्या मान हलवत होत्या. चौथ्या गाण्याशी आलो, विहिरीच्या, आणि त्यांनी हात वर केला.

"ते माझं न्हाई."

"म्हणजे?"

"ते पारूचं. माझी थोरली जाऊ. विहिरीवर भांडान झालतं, त्या दिसाला भाकरी थापता थापता तिनं रचलं. म्या निस्तं पाठ केलं. तिनं रचल्यालं माझ्या नावावर कशाला खपवता?"

भास्कर, ज्या दोन ओळींवर मी तीन पानं खर्ची घातली होती, अनाम समूह आणि निनावी झरा, त्या ओळी एका पारूबाईने रागाच्या भरात परातीपुढे बसून रचल्या होत्या. मी विचारलं, "मग भास्करला कावून सांगितलं नाही?"

"त्यानं कुटं इच्यारलं? मंडपात म्हनला, समदी तुमचीच ना मावशी? लई हरकलं व्हतं लेकरू. म्या म्हनलं छापायच्या आदी दावाया येईलच की, तवा सांगू." शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सरकवलं. "आता त्यो बी गेला. पारू तर कवाच गेली. तिला पोरबाळ न्हाई. म्या हाय तवर म्याच सांगनार, म्या गेल्यावर कोन सांगनार सर?"

मी पानाचं पुन्हा विचारलं. आवाज माझाच मला बारीक वाटला. त्या म्हणाल्या, "पान कोंचं का आसंना, मला काय त्यातलं कळतंय. पन पारूचं नाव माझ्या आदी घाला. ती थोरली व्हती."

झालं. मला हवी होती ती परवानगी मिळाली. कोणतंही पान. सुटलो की मी! येताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि मी पूर्ण रस्ता तुला शिव्या दिल्या. तूही विचारलं नाहीस, भास्कर. तीन वर्षांपूर्वी नाही विचारलंस आणि मंडपातही नाही विचारलंस. मी धरून चाललो की कुणाचीच नाहीत, आणि तू धरून चाललास की सगळी एकीचीच. तुझी दुरुस्ती तशीच छापली असती तर आपण दुसऱ्यांदा एका बाईचं नाव पुसलं असतं, या खेपेला पहिल्या पानावर आणि मोठ्या अक्षरात. तुझ्यावर इतका संताप मला कधी आला नव्हता. आणि तू असतास तर माझ्याआधी तूच स्वतःवर चिडला असतास, चप्पल न घालता बसस्टँडवर पळाला असतास, हेही मला दिसत होतं. मला रडू आलं ते तेव्हा, शोकसभेत नाही. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही, पुढे निघून गेला.

मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. अंक घेऊन जाणार आहे मी, फाईलमध्ये सगळ्यात वर. काय होईल ते होवो. हे मी शूरपणाने म्हणत नाही. भीती वाटतेय, आणि ती तू असतास तरी वाटलीच असती. फक्त तू असतास तर मी तुझ्यावर ढकलून मोकळा झालो असतो, की भास्करने ऐकलं नाही, त्याने छापलं. आता तसं म्हणायला कुणी उरलं नाही. ज्या कामात मला कायम तुझा आडोसा मिळत होता, त्यात मी उघडा पडलोय, आणि त्याचा राग कुठे काढायचा ते कळत नाही.

आज दुपारी शकीलभाईंच्या डीटीपीच्या दुकानात बसून पहिलं पान लावलं. 'नजरचूक' काढली. तिथे लिहिलं, 'लेखकाने रचनाकाराचे नाव विचारले नाही.' मग विहिरीचं गाणं पारूबाईंचं, बाकीची तीन गयाबाईंची, याच क्रमाने. तुझ्यासाठी जमवलेले विशेषांकाचे लेख मी परीक्षकांकडे पाठवले आहेत, शोकसभेतल्या त्या तिन्ही लेखांसकट. त्यामुळे या अंकात तुझ्यावर फारसं काही नाही. शेवटी एक वाक्य राहिलं होतं, ते मी शकीलभाईंना सांगितलं आणि त्यांनी टाइप केलं: 'संपादकांनीही ते विचारले नाही, लेख छापताना नाही आणि दुरुस्ती लिहितानाही नाही.'

शकीलभाईंचे हात कीबोर्डवर थांबले. इतकी वर्षं तुझा शब्द न् शब्द त्यांनीच जुळवलाय. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सर, परवाच गेले ते. मेलेल्या माणसावर असं छापतात का कुठं? काढून टाकू?"

मी म्हटलं, "नको. आणि नुसतं संपादक नको शकीलभाई. नाव घाला त्याचं."